हैबती मिस्त्रींनी लेक आकाशी धाडिली त्याची बखर

श्री. वारा वाहतो त्यास नमन, वारा अंगावर घेणाऱ्या कापडास नमन, कापड शिवणाऱ्या हातांस नमन. आता वर्तमान ऐसे जे, हैबती मिस्त्रींची एकुलती लेक गजरा ज्या साली सासरी गेली ते हे साल. शके अठराशे बत्तीस, साधारणनाम संवत्सर. लेक दूरच्या मुलखात दिली, घाट उतरून नदीपलीकडे, आणि पाठवणीचे दिवशी गावात पटकीची साथ निघाली, सबब वऱ्हाडाने घाई केली, बैल जुंपले, आणि लेकीची आई ठकूबाई ओटीचे ताट घेऊन उंबऱ्याशी येते तो गाडी वेशीपार गेली. ओटी भरायची राहिली. ठकूबाईंनी ते ताट देवापुढे ठेविले आणि कोणास हलवू दिले नाही. खणावर धूळ बसली, तांदळास पोरकिडे लागले, तेव्हा हैबतींनी एके सकाळी मुकाट्याने ते ताट उचलून धुवून फळीवर ठेविले, आणि त्या दिवशी नवराबायको एकमेकांशी बोलिली नाहीत.

हैबती मिस्त्री कोण म्हणाल, तर सरकारच्या रथखान्याकडील सुतार. सरकार म्हणजे त्या राज्याचे धनी, उमर तरुण, मन हौशी. हत्तीचे हौदे, देवाचा रथ, आईसाहेबांचा मेणा, सर्व हैबतींच्या हातचे. मिशा भरघोस, बोलणे थोडके, लाकडावर बोट वाजवून आतली गाठ सांगत. आणि मग ऐसे जाहले की सरकार विलायतेस गेले, तेथे माणूस वाऱ्यावर बसून जाताना पाहिला, आणि मर्जी अशी बसली की परत येताना एक उडते यंत्र पेट्यांत भरून आणिले. सोबत जानराव रिसालदार. हे घोडदळातले सरदार, त्यांस सरकारांनी तेथेच ठेवून यंत्र हाकण्याची विद्या शिकविली होती. जानराव यंत्रास घोडीच समजत. चढताना थोपटीत, उतरल्यावर "शाब्बास" म्हणत, आणि न वळली तर शिव्या देत. मग एके दिवशी ती घोडी बाभळीवर गेली. जानराव काट्यांतून निघाले, यंत्राच्या मात्र काड्या जाहल्या.

सरकारांनी हैबतींस बोलाविले आणि पुसिले, "मिस्त्री, हे नीट होईल?" हैबती म्हणाले, "उलगडून पाहिल्याबिगर सांगवत नाही, सरकार." मग त्यांनी ते सर्व उलगडिले. इंजिनाचे एकेक अंग सोडवून स्वच्छ धोतरावर ओळीने मांडिले, कोणते कोणात बसते ते कोळशाने खुणाविले, आणि चुकले तर पुन्हा सोडविले. जानराव शेजारी उकिडवे बसून विलायतेत ऐकिलेले सांगत, अर्धे आठवे, अर्धे न आठवे. प्रथम इंजिन सुरू केले ते समयी त्याने धूर ओकला आणि हैबतींच्या मिशीस काजळी चढविली. जानराव म्हणाले, "मिस्त्री, हिनं तुम्हाला कलप लावला." हैबतींनी मिशी पुसिली आणि पुन्हा सोडविले. पुढे ते गुरगुरू लागले, आणि मग गाऊ लागले. तेव्हा हैबती हुजुरात जाऊन बोलिले, "सरकार, इंजिन नीट जाहले. अंग नीट व्हायचे नाही. त्यापरीस दुसरे अंग करू. आपल्या लाकडाचे." दरबारी मंडळी हसली. सरकार हसले नाहीत. म्हणाले, "करा. पुढल्या दसऱ्यापलीकडल्या दसऱ्यास पाहुणे राजे येतील. त्यांचे देखत उडाले, तर या राज्यात विमानखाना कायम करू आणि तुम्ही त्याचे मुख्य. न उडाले, तर ज्या छपरात काम कराल ती जागा हत्तींची होती, हत्तींस परत देऊ."

मग काम सुरू जाहले. लाकूड शिवण नावाच्या झाडाचे घेतले, हलके आणि इमानी. बरगड्या बांबूच्या. कापड कोष्ट्यांकडून दाट विणून आणविले, आणि दरबारचे शिंपी पंख शिवावयास बसविले. ठकूबाई दुपारी भाकरी घेऊन येत. लेक गेल्यापासून घर खायला उठे, त्यामुळे भाकरी देऊन परत न जाता तेथेच खांबाला टेकून बसत. एके दिवशी त्या म्हणाल्या, "अहो, हे टाके वाऱ्यात उसवतील." हैबती म्हणाले, "तुला काय कळतं?" ठकूबाई म्हणाल्या, "गोधडीचं कळतं. दोन थरांत वारा शिरला की टाका धरत नाही. मागून गाठ घेत जावं लागतं." हैबतींनी तिच्याकडे पाहिले, शिंप्यांकडे पाहिले, आणि म्हणाले, "मग तूच शिव." त्या दिवसापासून ठकूबाई पंखाशी बसल्या. बरगडीगणिक टाका, टाक्यागणिक गाठ, आणि वर चिंचोक्याची खळ चढवून रोगणाचा हात. कापड वाळून ताणले की ढोलकीसारखे वाजे. शिवताना त्या यंत्राशी बोलत. "सरळ राहा गं. अशी कशी वाकडी होतेस?" कारागिरांनी ऐकिले आणि यंत्राचे नाव पाडिले "मिस्त्रींची लेक." हैबती वरकरणी रागावत, परंतु एकदा जानरावांनी त्यांस एकटे असता पाहिले, की ते पंखाखालील धूळ पुशीत आहेत आणि म्हणत आहेत, "हं, बाई, जरा हात वर कर." जानराव पायांचा आवाज न करता माघारी गेले आणि हे कोणास सांगितले नाही.

ऐसे करता दसरा आला. शके अठराशे चौतीस. मैदानात शामियाने पडले, पाहुणे राजे आले, हत्ती झुली घालून उभे राहिले. हत्तीखान्याचे दरोगे आदले दिवशीच विमानाचे छपरात येऊन पावलांनी जागा मोजून गेले, वैरण कोठे रचावी म्हणून. हैबतींनी ते पाहिले आणि आपले काम चालविले. जानरावांचा एक दंडक होता, की घोडीस नाल ठोकणाराने पहिल्या दौडीस मागे बसावे, म्हणजे नाल मन लावून ठोकला जातो. तोच दंडक त्यांनी विमानास लाविला. सबब हैबती मागे बसणार होते. निघण्याचे अगोदर ठकूबाई आल्या आणि कारागिरांस म्हणाल्या, "पोटाकडची शेवटची शिवण राहिलीय. जरा बाजूला व्हा, बाईमाणसाला जागा द्या." लोक बाजूस जाहले. तेव्हा ठकूबाईंनी पदराखालून हिरवा खण काढिला, त्यात तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि शेंडीचा नारळ, आणि विमानाचे पोटात आडव्या लाकडास ती ओटी बांधिली. घरातून दुसरी लेक निघाली होती, तिची ओटी राहू द्यावयाची नव्हती. गाठ मारिली ती ओटीची मारतात तशी, सैल, एका ओढीत सुटेलशी. मग पोट शिवून घेतले आणि चाकास हळदकुंकू लाविले.

विमान धावले, उसळले, आणि जमीन सोडली. लोकांचा एकच कल्लोळ जाहला. हैबतींनी डोळे मिटले होते ते उघडिले, तो खाली हत्ती मांजरांएवढे. त्यांचे मनास ऐसे सुख कधी जाहले नव्हते. आपल्या हातचे लाकूड वाऱ्यावर तोल धरीत होते आणि कोठे कुरकूर नव्हती. विमानाचे शेपटीस एक आडवे पान असते. ते वर वळले की तोंड वर, खाली वळले की तोंड खाली, आणि त्याच्या तारा पोटातून रिसालदारांचे हातातील दांड्यापर्यंत येतात. जानराव चढत होते, तोंड वर होते, आणि ते समयी पोटातील सैल गाठ सुटली. नारळ घरंगळत शेपटीकडे गेला आणि जेथे तारा पानास मिळतात त्या खोबणीत जाऊन बसला. पान वर ते वरच राहिले. जानरावांनी दांडा लोटिला, तो लोटेना. विमान तोंड वर करून चढतच राहिले आणि वेग मरू लागला. वेग मेला की यंत्र आणि धोंडा यांत भेद नाही. जानराव ओरडले, "मान टाक, बये! मान टाक! मिस्त्री, ही लगाम चावून बसलीय!" हैबतींनी कान दिला. इंजिन नीट गात होते. म्हणजे दुखणे शेपटीस. त्यांचे पाठीमागे कापडाचा पडदा होता, ठकूबाईंचे हातचा. त्यांनी कमरेचा चाकू काढून तो उभा चिरला, पाय बैठकीच्या लाकडात अडकविले, आणि उलटे होऊन पोटात शिरले. वारा आत घुसला आणि सुटे तांदूळ उधळून जानरावांचे पागोट्यावर पडले. हैबतींचा हात खोबणीत गेला आणि हातास शेंडी लागली. शेजारी हिरवा खण लोंबत होता. तेव्हा सर्व समजले, आणि समजताच त्यांनी नारळ उपटून काढिला. विमानाने मान टाकिली. परंतु उंची थोडी उरली होती आणि वेग बाकी नव्हता. जानरावांनी जेमतेम सावरून ते मैदानापलीकडे जोंधळ्याचे उभ्या पिकात घातले. चाके गेली, उजवा पंख मोडला, जानरावांचे हासळीचे हाड मोडले. हैबतींस खरचटले इतकेच.

लोक धावत येतात तो हैबतींनी नारळ दूर जोंधळ्यात भिरकाविला आणि खण बंडीत दडविला. ठकूबाई सर्वांचे पुढे धावत आल्या, पदर सुटलेला, एक पायीची जोडवी पडलेली, आणि नवरा उभा पाहून मटकन खाली बसल्या. श्वास मिळाला तेव्हा म्हणाल्या, "मी तिची ओटी भरली होती हो. तुम्हाला सांगितलं नाही. तिनंच राखलं तुम्हाला." हैबतींनी बंडीतील खण चाचपिला. मग म्हणाले, "होय गं. तिनंच राखलं."

सायंकाळी हुजुरात पुसणी जाहली. सरकार म्हणाले, "मिस्त्री, काय चुकले?" हैबती म्हणाले, "तार निसटली, सरकार. माझी कसूर. हात हलका पडला." पाहुण्यांदेखत जे जाहले त्याची सरकारांस लाज होतीच, परंतु त्याहून हैबतींवरील भरवसा मोडल्याचे दुःख अधिक. मग म्हणाले, "एकदा निसटलेली तार पुन्हा निसटेल. तुमच्या हातास तुमच्याच यंत्राची खातरजमा नसेल, तर त्यात मी माणूस कसा बसवू? बंद करा." येणेप्रमाणे हुकूम जाहला. मोडके विमान गाड्यांवर घालून छपरात आणिले, लाकूड जळणास द्यावे आणि कापड उसवून शामियान्यास लावावे असे ठरले. उसवणार कोण, तर जिने शिविले तीच.

ठकूबाई उसवू लागल्या. हैबती एका कोपऱ्यात इंजिन तेल लावून गुंडाळीत होते. उसवता उसवता ठकूबाई पाठीच्या पडद्याशी आल्या आणि त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "अहो, हे काय?" हैबती तेथूनच म्हणाले, "पडताना फाटलं असंल." ठकूबाई म्हणाल्या, "फाटलेलं आणि कापलेलं मला कळत नाही होय? हे चाकूनं कापलंय. आतल्या अंगाला." ठकूबाईंनी पडदा सारिला आणि आत वाकल्या. रोगणात तांदळाचे दाणे चिकटले होते, खोबणीच्या फटीत नारळाच्या शेंडीचे केस अडकले होते. त्या पुष्कळ वेळ तशाच वाकून राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा तोंड पांढरे पडले होते. म्हणाल्या, "माझ्या नारळानं झालं." हैबती म्हणाले, "नारळाला काय ठावं, तो कुणी बांधलाय." ठकूबाई म्हणाल्या, "तुमचा जीव गेला असता." हैबती म्हणाले, "गेला नाही." ठकूबाई म्हणाल्या, "मग सरकारपुढं खोटं का बोललात?" हैबती म्हणाले, "तुझं नाव दरबारात घेऊ? सगळं राज्य म्हणालं असतं, मिस्त्रीच्या बायकोनं विमान पाडलं. जन्मभर खाली मान घालून चालली असतीस. माझं काय, मी पुन्हा रथ करीन."

ठकूबाई उठल्या. त्यांचे डोळ्यांत पाणी होते परंतु आवाज चढला. म्हणाल्या, "माझ्या नावाची काळजी केलीत. हिच्या नावाची कोण करणार? लेक घरातून गेली, परत आली, आणि बापच चारचौघांत सांगतो की पोरीतच खोट होती! गजरीला तिच्या सासरच्यांनी आणून सोडली असती, तर असंच बोलला असतात? हिची एक तार निसटली नाही. एक टाका उसवला नाही. माझं मीच तर उसवतेय, मला ठाऊक नाही होय?" हैबती जवळ आले आणि तिच्या हातातील सुई काढून घेऊ लागले, ती तिने दिली नाही.

त्याच दिवशी सरकार हत्तीखान्याकडून फेरी करीत छपराशी आले. सोबत जानराव, हात गळ्यात बांधलेला. ठकूबाई पदर डोईवर घेऊन दारात आडव्या उभ्या राहिल्या. सरकारपुढे त्या कधी बोलिल्या नव्हत्या. म्हणाल्या, "सरकार, माझी अर्जी आहे. तार निसटली नव्हती. मी पोरीची ओटी भरली, नारळ शेपटीत अडकला. चूक माझी. शिक्षा मला करा, पण पोरीच्या माथी खोट मारू नका." हैबती मागून म्हणाले, "अगं, गप—" तोच जानराव उसळून बोलिले, "बघा! म्हणजे मला भास नव्हता झाला! आभाळात माझ्या डोईवर तांदूळ पडले! म्हटलं, सरकारांना सांगावं तर म्हणतील, रिसालदाराच्या डोक्याला मार लागला, वर याचं लग्न लागत होतं!" सरकारांस हसू आले ते त्यांनी आवरिले. मग आत जाऊन त्यांनी चिरलेला पडदा पाहिला, खोबणीतील केस बोटाने चाचपून पाहिले, आणि वळून म्हणाले, "मिस्त्री, हुजुरात खोटे बोलिलात?" हैबती म्हणाले, "बोललो, सरकार." सरकार म्हणाले, "यंत्र निर्दोष, आणि तुम्ही माझे हातून ते जळणात घालवीत होता. याची शिक्षा आहे. हेच विमान पुन्हा उभे करा. पहिल्या उड्डाणास मागे तुम्ही बसावयाचे नाही. ज्यांनी ओटी भरली त्या बसतील. बाई, बसाल?" ठकूबाईंनी नवऱ्याकडे पाहिले नाही. म्हणाल्या, "बसेन की. माझी पोर मला कशाला पाडील?"

मग हिवाळाभर विमान पुन्हा उभे केले. सरकारांनी एक दंडक घालून दिला, की विमान निघताना ओटी अवश्य भरावी, परंतु ती आत ठेवू नये. जो निरोप देईल त्याने ती आपल्या पदरात घेऊन जमिनीवर थांबावे. चैत्रात दिवस ठरला. ठकूबाई नऊवारीचा काष्टा आवळून, अंगावर जानरावांचा जुना लोकरी अंगरखा घालून मागे बसल्या. जानराव म्हणाले, "वहिनी, भ्यालात तर माझी पाठ बडवा." ठकूबाई म्हणाल्या, "तुम्ही पुढं बघून हाका." आणि मग जमिनीवर राहिले हैबती. उपरण्याचा ओचा केला, त्यात खण, नारळ, तांदूळ, आणि भर मैदानात, सर्व दरबारादेखत, ते भरघोस मिशांचे मिस्त्री ओटी धरून उभे राहिले. हसावे असे कित्येकांचे मनात आले, परंतु त्यांचे तोंडाकडे पाहून कोणी हसले नाही. विमान धावले आणि उठले. हैबतींनी ज्या ज्या तारेस हात लाविला होता ती ती त्यांस आठवू लागली, आणि प्रत्येकीविषयी संशय येऊ लागला. वर बसले असते तर चाकू होता, हात होते. येथे हातांस काम नव्हते. विमान टेकडीआड गेले आणि आवाज निमाला. तेव्हा त्यांनी नारळ असा आवळून धरिला की शेजारचा कारागीर म्हणाला, "मिस्त्री, बसा जरा." हैबती म्हणाले, "आईनं हे सोसायचं असतं होय रे?" आणि बसले नाहीत. टेकडीकडे पाहात राहिले.

विमान आले. मोठा वळसा घेऊन, उन्हात पंख लख्ख दाखवीत, पाण्यावर बदक उतरावे तैसे उतरले. सरकार स्वतः पुढे धावले. ठकूबाई खाली उतरल्या, केस विस्कटलेले, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी वाहात. सर्व लोक कान देऊन उभे, की बाई काय बोलते. त्या थेट नवऱ्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "वरून आपलं घर दिसलं. परसाकडची कौलं सगळी फुटलीत. कधी वर चढून बघितलंत?" हैबतींनी मान हलविली. ठकूबाईंनी त्यांचे ओच्यातील ओटी आपल्या पदरात घेतली, आणि दोघे चालत घरी गेली. सरकारांनी हाक मारू पाहणारांस हातानेच थांबविले.

येणेप्रमाणे त्या राज्यात विमानखाना कायम जाहला. हैबती मिस्त्री त्याचे मुख्य, आणि पंखांचे शिवणकाम ठकूबाईंकडे, त्यांचे हाताखाली गावच्या गोधड्या शिवणाऱ्या बाया. लाकडाची विमाने कित्येक जाहली, कित्येक पडली, मोडली, पुन्हा उभी राहिली. पुढे लोखंडी पत्र्याची विमाने आली, त्यांस शिवण लागेना. पुढे राज्यही मोठ्या राज्यात मिळाले, आणि छपरात सरकारी धान्य भरिले. जानराव रिसालदार अंथरुणावर वारले, शके अठराशे साठ. ठकूबाई वारल्या शके अठराशे बाहत्तर, माघ महिन्यात, तापाने. हैबती मिस्त्री त्यांचे मागे चार वर्षे जगले. शके अठराशे शहात्तर, जयनाम संवत्सर, कार्तिक महिन्यात, सकाळी, आपल्या घरी वारले.